भुताची तीन कोटेशनं

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात नोकरीला होती. इस्पितळात माणसं बरी होतात ती आपल्यामुळे, असा डॉक्टरांचा समज असतो. आत्याचा समज असा होता, की ती बरी होतात ती वेळेवर आलेल्या कापसामुळे. कापूस, हातमोजे, चादरी, खाटांची चाकं, जे काही त्या इमारतीत यायचं ते तिच्या टेबलावरून यायचं, आणि तीन दुकानदारांची कोटेशनं समोर आल्याशिवाय तिच्या पेनाचं टोपण निघत नसे. तिथले लोक तिला पाठीमागे कोटेशनबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण प्रत्येकाची खुर्ची कधी ना कधी मोडणार होती.

घरीही तोच खाक्या. चहाची गाळणी घ्यायची तर ती तीन दुकानं पालथी घालून पहिल्याच दुकानात परत यायची. तरुणपणी तिला तिघांनी मागणी घातली होती म्हणे, आणि त्यांतला सर्वांत कमी कटकटीचा तिने पसंत केला. तेच आमचे आतोबा. ते इतके अबोल, की घरात आहेत की बाहेर गेलेत हे दारातल्या चपला बघून ठरवावं लागे. काही वर्षांपूर्वी ते गेले, तेही तसेच, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला न सांगता. आत्या स्वयंपाकघरातून त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती म्हणे. उत्तर आलं नाही, पण ते कधीच येत नसे.

पुढे ती निवृत्त झाली आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, तिच्या काळजीने पोखरून निघाला. आईने ह्या वयात एकटं राहू नये असं त्याला फार वाटे. म्हणून त्याने आईचं घर विकायचं ठरवलं होतं. त्या पैशांतून तो स्वतःसाठी मोठं घर घेणार होता आणि त्यातली वॉशिंग मशीनशेजारची खोली आईला देणार होता. त्या खोलीला खिडकी होती. ती जिन्यात उघडायची, पण होती. आत्या ह्या योजनेला हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. तिने फक्त इतर दोन पर्याय मागवले होते, आणि मुलाकडे ते नव्हते.

अशात तिची दाढ दुखायला लागली.

दाताच्या डॉक्टरांना एक मोठी सोय असते. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं आणि तरी त्याला बोलता येत नाही. आत्याच्या डॉक्टरांनी ह्या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. दाढ कोरता कोरता त्यांनी सांगितलं, की आपण आणि आपले काही मित्र मिळून भुतांचा शोध घेणारं एक हौशी मंडळ चालवतो. चालवतो तेही शास्त्रीय पद्धतीने. 'शास्त्रीय' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, आणि दर वेळी ड्रिल जरा आत गेलं. मंडळाने नुकताच भूत ओळखायचा एक मीटर विकत आणला होता आणि दुसऱ्याच मोहिमेत तो बंद पडला. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता, कारण डॉक्टरांकडे बिल नव्हतं.

तोंडातला कापूस निघताक्षणी आत्याने विचारलं, "बिल घेतलं नाहीत?"

भूत असतं का, हा प्रश्न तिला तेव्हा सुचला नाही आणि नंतरही फारसा सुचला नाही. पण शिकलेला माणूस बिलाशिवाय वस्तू घेतो, ह्याने तिची त्या रात्रीची झोप उडाली. दाढेने उडाली नव्हती एवढी. पुढच्या रविवारी ती मंडळाच्या बैठकीला हजर.

बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यातच, पेशंट बसतात त्या खोलीत भरायची. मंडळ म्हणजे डॉक्टर आणि ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. दवाखान्यात अपॉइंटमेंट देणारी मुलगीही सभासद होती, पण ती केवळ तिची रजा डॉक्टरांच्या हातात होती म्हणून. जुन्या मासिकांवर मंडळाची सामग्री मांडून ठेवलेली होती आणि डॉक्टरांनी एकेक वस्तू उचलून तिची महती सांगितली.

पहिला तो बिनबिलाचा मीटर. साबणाच्या डबीएवढा, वर पाच दिवे. भूत जवळ आलं की दिवे लागतात. विजेची तार जवळ आली तरी लागतात, मोबाइल जवळ आला तरी लागतात, पण त्याकडे दुर्लक्ष करायला सरावाने शिकता येतं. दुसरा, लाल किरण सोडून तापमान सांगणारा थर्मामीटर, कारण भूत आलं की हवा गार पडते. मास्तर तो आठवडाभर गाडीच्या इंजिनावर चालवत आणि रविवारी भुतावर. तिसरा रेकॉर्डर. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तराला जागा सोडायची आणि घरी जाऊन ऐकायचं. डॉक्टरांना त्यात कुजबुज ऐकू येई. कुजबुज काय म्हणते आहे हे त्यांनी आधी सांगितलं, की इतरांनाही तीच ऐकू येई. आणि शेवटची, मंडळाची शान, भूतपेटी. हा एक रेडिओ होता, जो कुठल्याच स्टेशनवर थांबत नसे. एरवी अशा रेडिओला लोक बिघडलेला म्हणतात. ह्याला जास्त किंमत पडली होती.

आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. मग म्हणाली, खरेदीचा पहिला नियम असा की आधी गरज लिहून काढायची. आपल्याला जे पकडायचं आहे त्याचा तपशील काय? ते किती गार असतं, किती लांबून कळायला हवं, किती वेळ टिकतं?

डॉक्टर म्हणाले, भूत ही एक ऊर्जा आहे.

"किती?" आत्याने विचारलं.

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मंडळ स्थापन झाल्यापासून इतका अवघड प्रश्न ना जिवंत माणसाने विचारला होता ना मेलेल्याने. त्या बैठकीत आत्याला एकमताने खरेदीप्रमुख नेमण्यात आलं, आणि ती बऱ्याच दिवसांनी घरी गुणगुणत गेली.

मग सुरू झाली कोटेशनं. तिने तीन दुकानं गाठली. तिसऱ्यात, जिथे चोरांसाठीचे कॅमेरे आणि भुतांसाठीचे मीटर एकाच कपाटात ठेवलेले असत, तिथला विक्रेता फार उत्साही होता. त्याने मीटर काउंटरवर ठेवला, खिशातला मोबाइल त्याच्याजवळ नेला आणि पाचही दिवे लावून दाखवले.

"हा मोबाइल झाला," आत्या म्हणाली. "भूत लावून दाखवा."

"बाई, भूतसुद्धा असेच दिवे लावतं."

"तुम्ही बघितलंय?"

विक्रेत्याने सांगितलं, की आपण फक्त काउंटर बघतो, बाकीचं मालक बघतात. गॅरंटी वर्षाची होती. तीही मशीनची. भूत सापडलं नाही तर काय, हे गॅरंटीच्या कागदावर कुठेच नव्हतं. आत्याने तो कागद मागून पुढून वाचला, तिथेच उभं राहून त्यातल्या अटींवर अर्धा तास वाद घातला, आणि मीटर आठवडाभर वापरून बघायला घेऊन आली, एक पैसा न देता. उरलेल्या दोन दुकानांतूनही तिने तसाच एकेक मीटर आणला. दुकानदारांनी तो का दिला, हे तिला ज्यांनी वाद घालताना बघितलंय त्यांना सांगावं लागणार नाही. मीटर दिला की ती जाते.

तिन्ही मीटर घेऊन मंडळ एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्यात गेलं. तिथे रिकाम्या हॉलमध्ये कुणीतरी इस्त्री करतं, असं तिथल्या रखवालदाराचं म्हणणं होतं. मोहीम भर दुपारी झाली. डॉक्टरांना मध्यरात्र हवी होती, पण आत्याने विचारलं, की रात्री जे तिथे असतं ते दुपारी कुठे जातं? त्याला काय नोकरी आहे? ह्यावर शास्त्रीय उत्तर नव्हतं.

हॉलमध्ये गंजलेली पिळायची यंत्रं होती, छताला काचा होत्या आणि ऊन इतकं लख्ख होतं की भुताला लपायला जागाच नव्हती. एका मीटरने सगळे दिवे लावले. दुसऱ्याने एकही लावला नाही. तिसऱ्याचे दिवे मास्तर जवळ आले की लागत आणि लांब गेले की विझत, त्यामुळे मास्तर सबंध दुपार जरा घाबरलेले होते. भूतपेटी तेवढी स्पष्ट बोलली. ती म्हणाली, "भाव... उतरले... तुरळक... ठिकाणी." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, ह्या आत्म्याचं मन कशात तरी अडकलेलं आहे. आत्या म्हणाली, हवामानात.

परतताना तिने गाडीतच निर्णय दिला. तीन मीटरांची तीन उत्तरं आली, म्हणजे निदान दोन तरी खोटी. मीटर तपासायचे तर आधी अशा जागी नेले पाहिजेत, जिथे भूत नाही ह्याची पक्की खात्री आहे. तिथे दिवा लावणारा मीटर बाद. हे सगळ्यांना पटलं, पण तशी जागा मिळेना. मास्तरांच्या गाडीत आजवर बऱ्याच जणांचा जीव जायचा राहिला होता, तेव्हा ती नको. दवाखान्याबद्दल डॉक्टरांना खात्री देता येईना. शेवटी आत्या म्हणाली, माझ्या घरी या. माझ्या घरात भूत असणं शक्य नाही, तिथे माणसाचीच चाहूल कधी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिघे तिच्या घरी जमले. स्वयंपाकघरात शांतता. दिवाणखान्यात शांतता. मग मंडळ आतल्या खोलीत गेलं, भिंतीला टेकलेल्या आतोबांच्या खुर्चीजवळ पोचलं, आणि तिन्ही मीटरांचे सगळेच्या सगळे दिवे एकदम लागले. ज्यांचं कारखान्यात एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांचं इथे पूर्ण एकमत झालं.

डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "इथे कोण बसायचं?"

"हे," आत्या म्हणाली.

नवऱ्याचा उल्लेख करायला तिला तेवढा एक शब्द पुरत असे. डॉक्टरांना तो भुताचाच उल्लेख वाटला, आणि ते अदबीने एक पाऊल मागे सरले.

नेमक्या त्याच वेळी माझा आतेभाऊ दार उघडून आत आला. त्याच्याकडे किल्ली होती आणि मागे एक जोडपं होतं. सहज घर बघायला आणलंय, म्हणाला. आईला आधी कळवलं नव्हतं, कारण कळवलं असतं तर ती घरी राहिली असती. जोडपं आतल्या खोलीच्या दाराशी आलं तेव्हा डॉक्टर, मास्तर आणि ती अपॉइंटमेंटवाली मुलगी एका रिकाम्या खुर्चीसमोर अर्धवर्तुळ करून, लुकलुकत्या डब्या पुढे धरून उभे होते. जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय. मास्तर सरळ माणूस. शिकाऊ ड्रायव्हरांना खड्डा आधीच सांगायची त्यांना सवय. त्यांनी सगळं सांगितलं, कोण बसायचे, कसे गेले, आणि आत्ता किती दिवे लागलेत.

जोडप्याला एकाएकी दुसरीकडे जायची आठवण झाली. लिफ्टची वाट न पाहता ते जिन्याने उतरले.

आतेभाऊ त्या दिवशी आईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. तिचा ह्या थोतांडावर विश्वास आहे का, असं त्याने विचारलं. आत्या म्हणाली, विश्वासाचा प्रश्न नाही. तीन दुकानांची तीन यंत्रं एकच सांगतात. नोकरीत एवढ्यावर तिने खाटा घेतल्या असत्या. त्याच रात्री त्याने मला फोन केला आणि म्हणाला, तुझं ती ऐकते, तिला समजाव. ती माझं ऐकते ही बातमी मला नवीन होती.

मी गेलो तेव्हा आत्या तेच तीन मीटर पुढ्यात घेऊन बसली होती. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग मुद्द्यावर आलो. ती म्हणाली, त्या भिंतीतून लिफ्टची मोठी केबल जाते. "टाकली तेव्हा भिंत फोडली आणि गिलावा असा केला की बघवत नव्हता. वर्षभर भांडले मी. मला माहीत नसेल तर कुणाला?"

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस?

"मला कुणी विचारलं नाही. घर विकायचंय का हेही कुणी विचारलं नव्हतं."

योगायोगाने त्या दुपारी इमारतीची वीज बंद राहणार होती, लिफ्टच्याच दुरुस्तीसाठी. खाली तशी सूचना लावलेली मी येतानाच वाचली होती. थोड्या वेळाने पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, आणि घर असं गप्प झालं की शेजारच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. आत्या उठली, तिन्ही मीटर घेऊन आतल्या खोलीत गेली. मीही मागून गेलो. तिने ते आतोबांच्या खुर्चीवर ओळीने ठेवले, चालू केले, आणि समोर स्टूल घेऊन बसली.

एकही दिवा लागला नाही.

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. शेवटी ती म्हणाली, "चला, तिन्ही मीटर चांगले आहेत." तिने एकेक करून ते बंद केले. तिसऱ्याचं बटण दाबायच्या आधी ती जरा थांबली.

"एखादा तरी लागेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

मग ती चहा ठेवायला उठली आणि मी खुर्चीकडे पाहत राहिलो. त्या खुर्चीत मी लहानपणी चढून बसलो की आतोबा उभे राहायचे, रागावायचे नाहीत. एवढंच मला त्यांच्याबद्दल पक्कं आठवतं.

चहा पिता पिता आत्या पुन्हा पूर्ववत झाली. तिन्हींची गुणवत्ता सारखी असेल तर सर्वांत स्वस्त घ्यायचा, हा नियम तिने मला समजावला आणि दुसऱ्या दिवशी दोन मीटर परत करून आली. मुलालाही तिने केबलची गोष्ट स्वतःहून सांगितली. तो हर्षभरित झाला. इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडून त्याने तसं लेखी घेतलं आणि घर विकून देणाऱ्या एजंटकडे धावला. एजंट मुरलेला माणूस होता. तो म्हणाला, साहेब, हा कागद कुणाला दाखवू नका. ज्या घराचं भूत विजेच्या तारेचं आहे असं लिहून द्यावं लागतं, ते घर कोण घेणार? नुसतं भूत असतं तर एखादं गिऱ्हाईक तरी पटवलं असतं.

पुढे काही महिने गिऱ्हाईकं येत राहिली, पण खुर्चीची बातमी त्यांच्याआधी पोचलेली असे. आतल्या खोलीच्या दाराशी थांबत आणि आत न जाताच खोली छान आहे म्हणत. मग तीही थांबली. आतेभावाने मोठं घर शेवटी स्वतःच्या हिमतीवर घेतलं, आणि त्याला कळलं की ते आईचं घर न विकताही घेता येतं. हा शोध त्याला फार उशिरा लागला, पण लागला.

मंडळाची खरेदीही पार पडली. आत्याने मीटरच्या जोडीला पाठीला टेकू असलेल्या घडीच्या खुर्च्या घेतल्या. मोठा थर्मास, दोन टॉर्च आणि डास मारायचं औषध घेतलं. भूतपेटी तिने दुरुस्तीला टाकली. आता ती स्टेशनवर थांबते आणि मोहिमेत बातम्या ऐकता येतात. डॉक्टर जरा खट्टू झाले, पण पाठ दुखायची थांबल्यापासून त्यांची तक्रार नाही. भूत अजून सापडलेलं नाही. सभासद मात्र वाढलेत. रविवारी दुपारी कुठल्याशा पडक्या जागी सावली बघून खुर्च्या मांडायच्या, चहा प्यायचा आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढं शास्त्र पुष्कळांना झेपतं.

मध्यंतरी आत्याला तिच्या सुनेचा फोन आला. आवाज एकदम हळू. सुनेची एक लांबची मावशी महिनाभर राहायला येत होती, आणि ह्या मावशी आल्या की कपाटं पुन्हा लावून देतात. सून आधी हवापाण्याचं बोलली, तब्येतीचं बोलली, मग म्हणाली, "आई, तो मीटर दोन दिवस मिळेल का?"

आत्याने तो त्याच संध्याकाळी नेऊन दिला, आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला धरला तर सगळे दिवे लागतात, हेही दाखवून आली. मावशी आठवड्याच्या आतच गेल्या. मुलीला एवढं सुखाचं घर मिळालं आणि त्यात भूत निघावं, म्हणून जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. सासू-सुनेचं त्यानंतर फार जमतं.